गाळलेली पायरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरात नाही, कॉलेजात नाही, देवळात हात जोडतानासुद्धा नीट शब्दांत नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा असंही असेल, की गेल्या महिन्यात एका बाईने मला इतकं काही दिलं, की ते गप्प बसून घेणं आता जमत नाही.

माझं सासर गोव्यात पार्सेला, पेडणे तालुक्यात. घरामागे आमचा काजूचा कारखाना — कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, एक बॉयलर, गर सुकवायची भट्टी आणि गावातल्या पंधरा-सोळा बायका. सासऱ्यांनी सुरू केला, आता हे बघतात. मी अन्नप्रक्रिया शिकलेली. डिचोलीच्या एका कॉलेजात शिकवायचे, आणि सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये बसायचे. म्हणजे पुस्तकातला काजू आणि हातातला काजू, दोन्ही मला ठाऊक. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते न कळून झालेलं नाही.

आठ वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजचा उत्तर मोझांबिकमधल्या एका विद्यापीठाशी करार झाला. तिथल्या तरुण मंडळींना छोटे उद्योग काढायला शिकवायचं — असे उद्योग, की ज्यातून त्यांच्या गावातल्या माणसांना काम मिळेल. त्या भागात काजू उदंड, पण बराचसा तसाच पोत्यांत भरून जहाजाने बाहेर जायचा. तो तिथेच फोडला, सोलला तर केवढ्या हातांना काम! शिकवायला कोण जाणार, असं विचारलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

जायच्या आधी जेवताना हे सहज म्हणाले, "थंयची लोकां सोलूक शिकली, तर आमका बी खंयसून येतली?"

बी म्हणजे कच्चा काजू. तिथेच सोलला गेला, तर तो आम्हाला कुठून मिळणार, असं ह्यांचं म्हणणं. इथला काजू आमच्या शेडला जेमतेम तीन महिने पुरतो. उरलेलं वर्ष आफ्रिकेतून आलेल्या बीवर निघतं. हे हसत म्हणाले. मीही हसले. त्यांनी मला काही करायला सांगितलं नव्हतं, हे इथेच लिहून ठेवते. त्या वाक्याचं पुढे जे केलं, ते मी एकटीने केलं.

तिथे मला काय मिळालं, ते आधी सांगू द्या. वर्गात पहिल्याच दिवशी उकडत होतं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि 'जानेला' उघडू का म्हणाली. मी दचकलेच — आमच्या घरी अजून खिडकीला जनेलच म्हणतात! मग मी टेबलाला हात लावून म्हटलं, मेज. ती म्हणाली, मेझा. बादलीला बाल्दी, तिची बाल्द. पाव तर पावच. आठवड्याभरात सगळा वर्ग असे, पोर्तुगीजांनी दोन्हीकडे मागे ठेवलेले शब्द गोळा करायला लागला. परक्या मुलखात, जिथे मला एक माणूस ओळखत नव्हतं, तिथे मी या चार शब्दांच्या आधाराने घरच्यासारखी वावरले.

त्या मुलीचं नाव लुर्देस. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. आईची काजूची झाडं होती, आणि गावातल्या बायकांना घेऊन सोलण्याचा कारखाना काढायचं तिचं वर्गात यायच्या आधीच ठरलेलं. रविवारी ती मला गावी घेऊन गेली. तिच्या आईने कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, पानांची भाजी केली होती, नारळाच्या रसातली. मी पहिल्या घासाला म्हटलं, ही तर आमचीच. शेजारची एक म्हातारी मला बघायला आली होती — मामां अवेलिना. तिने एक रंगीत कापड माझ्या कमरेभोवती गुंडाळलं, गाठ कशी मारायची ते तीनदा दाखवलं, आणि मला जमली तेव्हा माझे दोन्ही गाल धरले.

अशा माणसांशी मी काय केलं, ते आता सांगायला हवं. मघापासून टाळतेय — दिसतंय ना?

काजू वाफवायचा. निववायचा. फोडायचा. आतला गर सालीसकट भट्टीत सुकवायचा. सुकलेला गर ठिसूळ असतो. म्हणून साल काढायच्या आधी तो काही तास दमट खोलीत ठेवावा लागतो. आम्ही त्या खोलीच्या भिंतींना ओले गोणपाट टांगतो. गर जराशी ओल घेतो आणि साल मग बोटाने दाबली की सुटते. हे केलं नाही, तर सोलताना गराचे तुकडे होतात. आणि बाजारात मान असतो तो अख्ख्या गराला.

ती पायरी मी गाळली.

माझ्या टिपणांत ती होती. वर्गासाठी पुस्तिका टाईप करताना भट्टीनंतर मी थेट 'सोलणे' लिहिलं. हात थबकला का? थबकला. मग पुढे गेला. प्रात्यक्षिकाच्या दिवशी पाऊस होता, हवाच दमट. गर सुरेख सोलला गेला, कुणाला शंका आली नाही. तुम्ही म्हणाल, इंटरनेटवर कुठेही मिळालं असतं. मिळालं असतं. पण शिकवणारीवर ज्याचा पुरता विश्वास आहे, तो दुसरीकडे कशाला शोधेल?

इतकंच असतं, तर कदाचित मी विसरूनही गेले असते. इतकंच नाही.

सात-आठ महिन्यांनी लुर्देसची मेल आली. तिचा कारखाना सुरू झाला होता, बारा बायका कामाला होत्या. तिच्याकडे तेव्हा कोरडा हंगाम. गर फुटतोय, तिने लिहिलं होतं, निम्म्याहून जास्त फुटतोय. सोबत फोटो — टोपलीत नुसते तुकडे. प्रोफेसोरा, आमचं कुठे चुकतंय?

मी डिचोलीला स्टाफरूममध्ये होते, जेवणाच्या सुट्टीनंतर. एक ओळ लिहायची होती. गर दमट खोलीत ठेव, एवढीच. पण ती लिहिली, तर पुस्तिकेत का नव्हती, हे सांगावं लागलं असतं. विसरले, असंही म्हणता आलं असतं की! तेवढंही केलं नाही. मी लिहिलं — तुमची पद्धत बरोबर आहे, दोष बहुधा हातांचा आहे. ज्या बायकांचे तुकडे जास्त होतात, त्यांना बदलून पाहा.

पाठवण्याआधी मी स्पेलिंग तपासलं. हे मला स्वच्छ आठवतं.

लुर्देसने माझं ऐकलं. तीन बायकांना काढलं. त्यांत पहिली मामां अवेलिना, कारण वयाने मोठी, हाताने सावकाश. मला तिने कळवलं तेव्हा तिला किती जड गेलं असेल ते त्या मेलमध्ये दिसत होतं. मी उत्तर दिलं, उद्योगात असे निर्णय घ्यावे लागतात. लोकांना काम मिळावं म्हणून ज्या बाईला विमानाने पाठवलं होतं, तिने हे लिहिलं.

तुकडे अर्थातच थांबले नाहीत. कारखाना बंद करायची वेळ आली. आणि तो वाचवला कुणी? आळीतला नळ लुर्देसच्या अंगणात, कारखान्याला लागूनच होता. अवेलिनाला कामावरून काढलं तरी ती पाण्याला तिथेच यायची. एकदा नळाजवळ, ओल्या फडक्यांशेजारी सोलायच्या गराची टोपली राहून गेली होती. सकाळी तिने सवयीने त्यातला एक गर उचलला, बोटाने दाबला — साल अलगद सुटली. दुसरा घेतला. तिसरा. मग तिने लुर्देसला हाक मारली. जिने तिला काढलं होतं, तिला. मी असते, तर मारली असती का हाक?

लुर्देसने मला लगेच लिहिलं. केवढी आनंदात होती! तुमच्या गोव्याची हवा मुळातच दमट, तुम्हाला ही पायरी लागत नसेल. पुस्तिकेत घाला, पुढच्या मुलांच्या उपयोगी पडेल. माझ्यासाठी सबबसुद्धा तिनेच शोधून दिली. मी अभिनंदन कळवलं आणि पायरी पुस्तिकेत घातली — 'आमच्या विद्यार्थिनीचा शोध' म्हणून. कॉलेजात माझं कौतुक झालं.

अवेलिना पुन्हा कामावर आली. आता सोलणाऱ्या सगळ्या बायका तिच्या हाताखाली आहेत. लुर्देसची दुसरी शेड उभी राहिली आणि ती स्वतः त्या विद्यापीठात शिकवायला लागली. आणि आमची शेड? ज्या भीतीने मी हे केलं, ती कधी खरी झालीच नाही. उलट गेल्या साली आमची बी अडली, तेव्हा लुर्देसनेच तिच्याकडच्या शेतकऱ्यांशी आमची गाठ घालून दिली. पार्सेच्या पंधरा-सोळा घरांत त्या महिन्यांत पगार पोचला, तो तिच्यामुळे.

गेल्या महिन्यात कॉलेजने तिला बोलावलं. मोप्याच्या विमानतळावर मी आणायला गेले. आठ दिवस ती आमच्या घरी राहिली. डिचोलीच्या सभागृहात तिने मुलांना सांगितलं, की हा धंदा मला ह्या बाईंनी शिकवला. टाळ्या झाल्या. दुपारी तिला मयेच्या तळ्यावर नेलं. तिथे सांगायचं, असं ठरवलं होतं. तळ्याकाठी बसून मी तिला होड्यांची माहिती सांगितली.

शेवटच्या दिवशी तिला कारखाना बघायचा होता. दमट खोलीला कुलूप लावावं, असं मनात आलं होतं. लावलं नाही. का, ते मलाही माहीत नाही. ह्यांनीच दार उघडलं आणि कौतुकाने तिला म्हणाले, "ही खोली माझ्या वडिलांच्या वेळची. हिच्याशिवाय गर सोलताच येत नाही."

लुर्देसने भिंतीवरच्या ओल्या गोणपाटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. मग बाहेर येऊन आमच्या बायकांत बसली, त्यांना ती कापडाची गाठ शिकवली, त्यांच्याबरोबर हसली, चहा-पाव खाल्ला.

विमानतळावर आत जायच्या आधी ती म्हणाली, "मामां अवेलिनाला मी सांगितलंय, की तिला काढलं ती माझी चूक होती. तुम्ही मला काय लिहिलं होतं, ते तिला माहीत नाही. मी सांगणारही नाही."

मग तिने मला मिठी मारली. नुसती निरोपाची नव्हे, नीट, घट्ट. माझ्या वाट्याला आलेल्या माणसांत इतक्या मोठ्या मनाची दुसरी कुणी नाही, आणि त्याबद्दल मी रोज मनातल्या मनात हात जोडते.

पण तिला जे कळलं, ते भिंतीवरून कळलं, माझ्या तोंडून नाही. म्हणून इथे लिहिते. पायरी मला ठाऊक होती. मी ती लपवली. विचारलं तेव्हा दोष बायकांच्या माथी मारला. तिघींचं काम गेलं. अवेलिना परत आली. उरलेल्या दोघी आल्या नाहीत; एक किनाऱ्याकडच्या शहरात गेली, एवढं ऐकलं.

त्या दोघींची नावं मला माहीत नाहीत. लुर्देस आठ दिवस माझ्या घरात होती. मी विचारली नाहीत.