मनगटावरचा थेंब

हातातलं कापड जमिनीवर पडलं, की महेबूबचाचा ते झटकून पुन्हा वापरत नसत. वाकून उचलायचे, दोन्ही हातांनी मधोमध फाडायचे आणि टायर पुसायच्या टोपलीत टाकून द्यायचे. मग ते कापड महिन्याभराचं असो, नाहीतर आत्ताच पुडीतून काढलेलं. येरमाळ्याच्या हायवेवर ट्रकांचा एवढा गोंगाट, पण फाटणाऱ्या कापडाचा तो आवाज मला बरोबर ऐकू यायचा. दर वेळी मी मनात पैसे मोजायचो, कारण कापडं मी आणून दिलेली असायची.

“चाचा, झटकून घ्या की! एवढ्याशा धुळीनं काय होतंय?”

“एक खडा अडकला कापडात आन् दहा हात फिरला, की दहा रेघा,” ते म्हणायचे. “मग त्या झाकाया पॉलिश. पॉलिश उतरलं की गिऱ्हाईक तुला शिव्या घालणार. तू येऊन मला घालणार.”

“मग बाजूला ठेवा. फाडता कशाला?”

“बाजूला ठिवलं की घाईत पुन्हा हातात येतंय. मी बी माणूसच हाय.”

मी तेव्हा जुन्या गाड्या घेऊन विकायच्या धंद्यात नवा होतो. त्याआधी लोहाऱ्याकडं वडापची जीप चालवली होती, दहा जणांच्या जागेत सोळा बसवून. वडिलांकडून मला फक्त तापट डोकं मिळालं. बाकी सगळं मी घासाघीस करून मिळवलं. हायवेला चार पत्रे ठोकून चाचांनी गाड्या धुवायचं ठिकाण काढलं होतं. एक पंप, एक लिंबाचं झाड आणि झाडाला टेकवून ठेवलेलं मोडक्या जीपचं एक दार. पहिली गाडी घेऊन मी तिथं गेलो, तेव्हा सामानही स्वतःचंच नेलं होतं. म्हटलं, तेवढीच मजुरी कमी. कपडे धुवायची पावडर, गोणपाटाचा तुकडा आणि नारळाची शेंडी. चाचांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, “शेट, भांडी बी आणलीत का घासायला?”

त्या दिवसापासून मी शिकत गेलो. बादल्या दोन ठेवायच्या, एक साबणाची आणि एक कापड पिळायची. धुवायचं ते टपापासून खाली. टायरचा ब्रश गाडीच्या अंगाला लागू द्यायचा नाही. आमच्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं, म्हणून उन्हात गाडी धुवायची नाही; पाणी वाळलं की पांढरे ठिपके उठतात. रेघा घासून काढायचं कंपाउंड जाड, मध्यम आणि बारीक असं तीन जातींचं असतं, आणि बारकानं भागत असेल तर जाडाला हात लावायचा नाही. बाजारात नवीन काही आलं, की मी भाव पाडून घेऊन यायचो. चाचा त्या मोडक्या दारावर खडूनं एक चौकोन आखायचे, त्यात ते लावायचे आणि पंधरा दिवस ऊन खाऊ द्यायचे. त्यानंतर निकाल.

पण दाराच्याही आधी एक परीक्षा असायची. कसलीही नवी बाटली आली, की ते तिचा एक थेंब डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला टाकायचे. मग चहा प्यायचे. चहा संपला की मनगट उजेडात धरून बघायचे. खाजलं किंवा लाल झालं, तर बाटली परत. “गाडीला तोंड न्हाय, मला हाय,” एवढंच त्यांचं म्हणणं. हातमोजे त्यांनी कधी घातले नाहीत. मी एकदा आणून दिले, तर म्हणाले, “मोजे घालून पोळी तव्यावरनं काढता येईल, पर लाटता यायची न्हाय.”

त्या बोटांना काय कळायचं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. लोहाऱ्याला एक गाडी बघायला आम्ही गेलो होतो. मालक शपथेवर सांगत होता, एकाच मालकाची गाडी आहे, कुठं खरचटलेलं नाही. चाचांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, मागच्या दारावर तीन बोटं फिरवली आणि माझ्या कानाशी म्हणाले, “हे दार दुसऱ्या गाडीचं हाय. रंग मिळवलाय चांगला.” मी मालकाला तेवढंच सांगितलं आणि गप्प उभा राहिलो. भाव आपोआप खाली आला. परतताना मी खुशीत होतो. चाचा म्हणाले, “माझी बोटं नसती, तर तू आज दोन गाड्या घेऊन आला असतास. एका नंबराच्या.”

मग ती काळी गाडी आली. कळंबकडच्या एका शेतात ती दोन उन्हाळे उभी होती, गळक्या बोअरच्या फवाऱ्यात. इंजिन चांगलं होतं, पण काचा आणि बॉनेट पांढऱ्या ठिपक्यांनी भरलं होतं. बार्शीचे एक डॉक्टर ती बघायला रविवारी येणार होते. त्या वर्षी माझे दोन सौदे फसले होते, आणि ही गाडी गेली नसती तर मला पुन्हा जीपच्या स्टेअरिंगमागं बसावं लागलं असतं. चाचांनी बॉनेटवरून हात फिरवला. “रंगात उतरलेत हे डाग. हातानं काढाया आठ दिस लागतील.”

माझ्याकडं चार दिवस होते. मी सोलापूर गाठलं. केमिकलच्या दुकानात डाग काढायच्या औषधाचे दोन कॅन समोर आले. एकावर कंपनीचं नाव, कागद, सूचना. दुसरा कोरा पांढरा. दुकानदार म्हणाला, माल एकच आहे. मी नेहमीसारखी घासाघीस सुरू केली. तो थोडा उतरला आणि अडून बसला. मी उठून दारापर्यंत गेलो. तेव्हा त्यानं हाक मारली, “बिल मागायचं नाही, नाव विचारायचं नाही, तर हा कोरा न्या.” मी नेला. येताना वाटेत दोन ठिकाणी चहाला थांबलो आणि दोन्ही ठिकाणी ही हकीकत रंगवून सांगितली.

चाचांनी कॅन चारी बाजूंनी फिरवून पाहिला. “नाव कुठंय याचं?”

“नाव काय करायचंय? डाग जातात का बघा.”

“दारावर लावू. पंधरा दिस.”

माझं डोकं फिरलं. “ते दार घाला चुलीत! रविवारी माणूस येतोय. जमत नसेल तर तसं सांगा, कळंबला मशीनवाला बसलाय!”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “हे शेट बोलतोय का दत्ता?”

“काय समजायचं ते समजा.”

कॅनचं झाकण उघडून त्यांनी मनगटावर एक थेंब टाकला. आम्ही दोघांनी चहा घेतला. कप खाली ठेवून त्यांनी मनगट उजेडात धरलं. मी वाकून पाहिलं. लाली नव्हती, खाज नव्हती.

“नरम दिसतंय,” चाचा म्हणाले आणि कामाला लागले.

दुपारभर ते उघड्या हातांनी ते औषध चोळत होते. पाटीवरचा खडू पुसावा तसे डाग जात होते. मी शेजारी उभा राहून वाहवा करत होतो. ऊन उतरेपर्यंत गाडी अशी झाली, की तिच्या दारात लिंबाचं झाड दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो, तर चाचा माझ्या ऑफिसच्या पायरीवर बसलेले. उजवा हात बादलीतल्या पाण्यात. “रातीपासून हाडात कुणीतरी करवत फिरवतंय,” ते म्हणाले. बोटांची टोकं मेणासारखी पांढरी पडली होती. येरमाळ्याच्या डॉक्टरांनी हात बघितला आणि सोलापूरला न्यायला सांगितलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात पहिलाच प्रश्न आला, “कोणतं केमिकल?”

मी दुकानात फोन लावला. “कसला कॅन? आम्ही असला माल ठेवत नाही.” मी स्वतः गेलो. काउंटरवर हात आपटले, दुकानदाराची गचांडी धरली, माणसं गोळा झाली. त्यानं माझा हात सोडवला आणि शांतपणे सगळ्यांदेखत म्हणाला, “बिल दाखवा.” काही आम्लं अंगाला लागली तर लगेच आग होत नाही, आत उतरल्यावर हाडाशी कळतं, हे मला डॉक्टरांनी दोन दिवसांनी सांगितलं. तोवर कॅनमधलं उरलेलं तपासून त्यांनी अंदाज बांधला होता. नाव पहिल्या दिवशी कळलं असतं तर, असं म्हणून ते थांबले. पुढचं त्यांनी बोलायची गरज नव्हती. उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं कापावी लागली.

गाडी रविवारीच गेली. महिन्याभरात तिची पुढची काच दुधासारखी धूसर झाली. बार्शीच्या डॉक्टरांनी फोनवर माझी हजेरी घेतली, मी काच बदलून दिली. तो दुकानदार अजून तिथंच बसतो. त्याच्याविरुद्ध मी जिथं जिथं तक्रार घेऊन गेलो, तिथं तिथं बिल मागितलं गेलं. त्या रस्त्यानं गेलो, की आजही माझ्या कानशिलं तापतात. आणि दर वेळी आठवतं, की बिल त्यानं चोरलं नव्हतं. मी सोडलं होतं.

जखमा भरल्यावर मी चाचांना एकदा गाडी बघायला घेऊन गेलो. त्यांना बरं वाटेल असं वाटलं होतं. त्यांनी दारावर करंगळी फिरवली, मान हलवली. डावा हात फिरवला, तरी समाधान होईना. शेवटी वाकून त्यांनी बॉनेटला गाल लावला. उन्हानं पत्रा तापलेला होता. गाडीचा मालक फिस्सकन हसला, आणि मी त्याच्या मुस्काटात ठेवून दिली. सौदा तिथंच मोडला.

“त्याला कशापायी मारलंस?” परत येताना चाचा म्हणाले. “गाडीचा मुका घेणारं म्हातारं बघून मी बी हसलो असतो.”

त्यानंतर ते कुठल्याच गाडीला हात लावायला आले नाहीत. त्यांची मुलगी रुबीना लोहाऱ्याला दिलेली. ती येऊन त्यांना घेऊन गेली. पत्रे उतरले. पंप कुणीतरी नेला.

लोहाऱ्याला मी जायचं टाळत राहिलो. कामं होती, असं मी सगळ्यांना सांगायचो. शेवटी गेलो, तेव्हा चाचा अंगणात बाजेवर बसले होते, बरेच वाळलेले. रुबीनानं चहा आणला. वडिलांचा कप त्यांच्या दोन्ही तळव्यांत नीट बसवला, माझा खाली ठेवला. आत जाता जाता म्हणाली, “कॅन मीच आणला हुता, असं अब्बा सगळ्यांना सांगतेत. अब्बा सोलापूरला कधी गेले हुते?”

ती आत गेल्यावर मी म्हणालो, “चाचा, लोकांना खोटं का सांगता? तो कॅन मी आणला. हे माझ्यामुळं झालं.”

“निम्मं,” ते म्हणाले.

“सगळं माझ्यामुळं.”

“निम्मं म्हणलं न्हवं?”

“तुम्ही नको म्हणत होता. मी बोललो तुम्हाला, वाट्टेल तसं बोललो.”

“बोललास. त्ये निम्मं तुझं.” कप बाजूला ठेवायला त्यांना वेळ लागला. मी हात पुढं केला, तो त्यांनी कोपरानं सारला. “दुसरं ऐक. मागली काच घासताना मला कळलं हुतं. काच हाताला बुळबुळीत लागायची ती खरबरीत लागली. म्हणलं, हे तर काच खातंय. काच खाणारं औषिद माझ्या हाताला सोडील व्हय? तवाच थांबाया पायजे हुतं. पर आठ दिसाचं काम दुपारात व्हाया लागलं हुतं, आन् तू उभा राहून वाहवा करत हुतास. मला मजा आली, दत्ता. एवढ्या वर्षात तशी मजा आली नव्हती. म्हणून म्या थांबलो न्हाय.”

“तरीपण चाचा, मी तो आणलाच नसता तर...”

“माझं निम्मं मी तुला देणार न्हाय.”

जन्मभर मी समोरच्याचा आकडा खाली ओढत आलो. त्या दिवशी मी स्वतःच्या माथ्यावरचा वाढवून मागत होतो. दोनदा मागितला, तीनदा मागितला, शेवटी माझा आवाज चढला. रुबीना दारात येऊन उभी राहिली. चाचा चहाकडं बघत राहिले आणि जागचे हलले नाहीत.

त्या हिवाळ्यात ते गेले. लोहाऱ्याच्या कब्रस्तानात मीही तीन मुठी माती दिली. रुबीनाच्या नवऱ्यानं सरकून मला जागा करून दिली. कॅन कुणी आणला, हे त्याला ठाऊक नव्हतं. शेजारच्याकडं वळून तो म्हणाला, “ह्यांच्या गाड्या अब्बा धुवायचे.” मी मान डोलावली आणि हाताला लागलेली माती तशीच घेऊन बाहेर आलो.

त्यांचं निम्मं ते घेऊन गेले. माझं अजून माझ्याकडं आहे, आणि त्यातलं काही कमी करून घ्यायला आता समोर कुणी नाही.