पाळकीणबाईंची ओटी

महाडात आमच्या आणि पाळकांच्या घरात एकच भिंत सामाईक आहे. भिंतीपलीकडचं घर चर्चचं, त्यामुळे तिथे पाळक बदलत राहतात आणि आम्ही आहोत तिथेच. त्यातल्या एका पाळकांची आणि त्यांच्या बायकोची ही गोष्ट. ती दोघं सात वर्षं राहिली.

पाळक उंच, किडकिडीत, आणि आवाज मात्र तालमीतला. शनिवारी संध्याकाळी गच्चीवर येरझाऱ्या घालत ते दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये द्यायचा संदेश मोठ्याने म्हणून बघत. त्यांची मंडळी तो रविवारी ऐकायची, मी मात्र आदल्या दिवशीच वाळलेले कपडे काढता काढता ऐकून ठेवायची. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेलं, त्यामुळे गप्प बसणं जमत नाही. एकदा मी कठड्यावरून सांगितलंच, "अहो, वाक्य सुरू कुठे झालं ते संपेपर्यंत विसरायला होतं." रागावतील असं वाटलं होतं, पण ते तिथेच उभे राहिले, वाक्याचे तीन तुकडे केले आणि म्हणाले, "आता बघा बरं, बाई." तेव्हापासून शनिवारचा तास ठरूनच गेला.

त्यांची बायको माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान. सगळे तिला पाळकीणबाई म्हणत, मी नुसतं अगंतुगं करायची. आल्या वर्षीच संक्रांतीला मी तिला हळदीकुंकवाला बोलावलं. ती आली, तिळगूळ घेतला, गजरा घेतला, केसात माळलासुद्धा. मी कुंकवाचं बोट पुढे केलं तेव्हा मात्र हलकेच मान मागे घेऊन म्हणाली, "काकू, एवढं राहू द्या हं." अगदी गोड आवाजात म्हणाली, पण खोलीत दहा बायका होत्या. माझे कान तापले. चूक तिची नव्हती, माझीच होती. आधी विचारायला काय झालं होतं? त्यानंतर मी त्या बाबतीत कानाला खडा लावला.

पुढे ती माझ्या घरातलीच कशी झाली ते कळलंही नाही. मी न्हाणीघरात पडून उजवा हात मोडून घेतला, तेव्हा सहा आठवडे रोज सकाळी येऊन तिने माझी वेणी घातली. आमच्या ह्यांनी एकदा प्रयत्न केला होता, पण त्याबद्दल न बोललेलं बरं. ती केस विंचरायची, गुंता हाताने सोडवायची आणि आदल्या दिवशीची मालिका सांगायची. हात बरा झाल्यावर मी आणखी एक आठवडा दुखतोय म्हणून सांगितलं. तिला ते कळलं असणार, पण वेणी घालायला ती येतच राहिली.

आणि मग त्यांच्या वरच्या कचेरीचं पत्र आलं. बदली. कुठे, तर पोलादपूरला.

"पोलादपूर म्हणजे अर्धा तास," हे म्हणाले. "तू तर अंदमानला निघाल्यासारखं तोंड केलंयस."

अंतर मलाही ठाऊक आहे. पण भिंतीपलीकडचं माणूस आणि एस.टी.नं जाऊन भेटायचं माणूस ह्यात फरक असतो. शिवाय मला दुसरीच काळजी लागली होती. आमच्या घरातून लेक, भाची, नणंद, कुणीही सासरी निघालं तरी ओटी भरल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. तांदूळ, नारळ, खण, सुपारी, हळकुंड. आणि ही मुलगी सात वर्षांनी घर सोडून निघणार, ती रिकाम्या पदरानं? मला ते सोसवेना.

"त्यांच्यात चालत नाही," हे म्हणाले. "तुझ्या हट्टापायी तिला नाही म्हणायला लावशील आणि मग महिनाभर झुरत बसशील."

ते खरं होतं. त्यात पोलादपूरच्या मंडळीचे सेक्रेटरी स्वतः सामान न्यायला येणार होते. ते फार कडक आहेत, असं खुद्द पाळकांच्याच तोंडून ऐकलं होतं. नव्या गावी पाय ठेवायच्या आधीच पाळकीणबाई हिंदूंच्या घरची ओटी घेऊन आल्या, असा बोभाटा झाला तर? मला ओटी भरल्याचं समाधान मिळेल आणि निस्तरावं तिला लागेल. दोन दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही. तिसऱ्या दिवशी युक्ती सुचली आणि मी स्वतःवर जाम खूश झाले.

ओटी भरायची, पण कुणाला कळू द्यायची नाही. तिलासुद्धा नाही.

सामानाची बांधाबांध करायला मी तिच्याकडे जातच होते. शिवथरला माझं माहेर, तिथल्या भावाच्या शेतातले नवे तांदूळ मी स्टीलच्या डब्यात भरले आणि "गेल्या गेल्या भात टाकायला" म्हणून तिच्या हातात दिले. ती पाठमोरी असताना सुपारी आणि हळकुंड तिच्या मसाल्याच्या डब्यात टाकलं. खणाचं काय करावं सुचेना, शेवटी काचेच्या कपबश्या वर्तमानपत्रात बांधताना एक कप खणात गुंडाळला. अंगणातल्या माडाचे सात नारळ गोणीत घालून दिले. त्यातला ओटीचा कुठला, हे फक्त मला माहीत. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "ही ओटी आहे की तस्करी?"

निघायच्या दिवशी सकाळी टेम्पो आला. सेक्रेटरी पुढे बसून आले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, चेहऱ्यावर हसू औषधालाही नाही. त्यांनी मला त्यांच्या रीतीप्रमाणे "सलाम" केला आणि गोणी मोजायला लागले. पाळकीणबाईंनी कामासाठी पंजाबी ड्रेस घातला होता, ओढणी कमरेला आवळून बांधलेली. सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी कपबश्यांचं खोकं चढवायची वेळ आली आणि त्याचा तळ फाटला. ड्रायव्हरने ते वेळेवर झेललं, पण वरचे दोन-तीन कप बाहेर आले.

"गो बाय," ड्रायव्हर म्हणाला, "ह्यो खण नवाकोरा हाय. घडीपण मोडलेली नाय. कप बांधायला कुणी घेतलान?"

मी माडाच्या शेंड्याकडे बघायला लागले.

तिने खण हातात घेतला. उलटसुलट करून पाहिला. मग टेम्पोत चढली, स्टीलचा डबा शोधून उघडला, झाकण लावलं. नंतर मसाल्याचा डबा. मला वाटलं, आता ती शांतपणे खाली उतरेल आणि सगळं मला परत देईल, त्याच गोड आवाजात. सेक्रेटरी जवळच उभे होते, त्यांची मोजणी थांबली होती.

टेम्पोतूनच तिने विचारलं, "काकू, नारळ कुठला?"

मी गोणीकडे बोट केलं. "शेंडी जरा मोठी आहे तो."

तिने तो नेमका काढला. डबा, नारळ, खण, सुपारी, हळकुंड, सगळं घेऊन खाली उतरली आणि माझ्या हातात दिलं. म्हटलं, संपलं. पण तिने कमरेची ओढणी सोडली, झटकली, आणि दोन्ही टोकं धरून माझ्यासमोर पसरली.

"पदर नाहीये काकू. ओढणी चालेल?"

"अगं, पण..." मी सेक्रेटरींकडे पाहिलं. पाळकही पाहत होते. ते एवढंच म्हणाले, "आपण दोन मिनिटं थांबू." सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाले, "तांदूळ टेम्पोपासून लांब भरा. आत सांडले तर मुंग्या होतात." आणि ते पुन्हा गोण्या मोजायला लागले. त्या माणसाला मी मनोमन हात जोडले.

मी ओटी भरली. कुंकवाचं बोट मी पुढे केलं नाही आणि त्यानं काहीही उणं वाटलं नाही. पहिल्या ओंजळीतले निम्मे तांदूळ ओढणीबाहेर अंगणात पडले आणि कोंबड्या धावत आल्या. ड्रायव्हर हसला, मीही हसले, नाक ओढत हसले.

तिने ओढणीची गाठ मारली. मारता मारता थांबली, आत दोन बोटं घालून चिमूटभर तांदूळ काढले आणि माझा उजवा हात ओढून तळव्यावर ठेवले.

"चार दाणे परत द्यायचे असतात ना?"

ओटीतले चार दाणे लेक माहेरच्या डब्यात परत टाकते, माहेर रितं होऊ नये म्हणून. आमच्याकडे सगळ्या मुली करतात. पण हिला मी कधी सांगितलं नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तुमच्या नणंदा, भाच्या जाताना सात वर्षं खिडकीतून बघतेय."

माझी बोटं आपोआप मिटली. टेम्पो सुरू झाला, ती ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर गाठोडं. वळणापर्यंत ती हात हलवत होती. मी नुसती उभी.

"अगं, हात तरी हलव," हे म्हणाले. "काय म्हणेल ती?"

काय सांगणार? उजव्या हाताची मूठ उघडली असती तर दाणे सांडले असते. आणि डाव्या हातानं मी डोळे पुसत होते.