टॅबीची पाटी

यॉर्कशायरमधल्या थर्लडनच्या खोऱ्यात हॅव्हरक्लफ हे आडनाव असून नसल्यासारखं आहे. बाकीच्या इंग्लंडात ते कुणी ऐकलेलंही नसतं. लंडनच्या एखाद्या कचेरीत सांगावं तर समोरचा माणूस दोन-तीनदा विचारतो आणि शेवटी चुकीचंच लिहितो. खोऱ्यात मात्र डोळे मिटून दगड भिरकावला तरी तो हॅव्हरक्लफलाच लागेल, आणि ओरडायला येईल तोही हॅव्हरक्लफच असेल. म्हणून इथे आडनावाने कुणी कुणाला ओळखत नाही. माणूस कुणाचा, तेवढं सांगितलं की भागतं. एबचा टॉम. जोशच्या घरचा ड्युडली. गिरणीवाल्या सॅमच्या घरचे ते तिघे भाऊ. आणि अर्विन हॅव्हरक्लफ हा टॅबीचा.

एब, जोश, सॅम हे सगळे कधीच मातीत गेलेले खापरपणजे. त्यांच्यात टॅबी ही एकटीच बाई. ती घरच्या मागावर लोकरीचं कापड विणायची आणि तागा स्वतःच्या पाठीवर टाकून डोंगरावरून हॅलिफॅक्सच्या बाजारात न्यायची. तिथल्या दलालांना ती पुरून उरायची म्हणतात. नवरा लवकर गेला असणार, असं सगळे धरून चालत. त्याचं नाव काय होतं हे कुणी विचारलं नाही. एवढ्या खमक्या बाईच्या घराला नवऱ्याचं नाव कशाला लागतंय, असंच सगळ्यांना वाटत आलं.

अर्विनही तसाच खमक्या. पोरवयात गिरणीत शिरला आणि मागांचा मिस्त्री झाला. नुसत्या आवाजावरून कुठला माग आजारी आहे ते सांगायचा, आणि ते सांगताना गिरणीच्या मालकालाही बाजूला सरकवायचा. गिरणी बंद पडली त्या दिवशी बाकीचे लोक दारू प्यायला गेले. हा सरळ क्रिकेट क्लबात गेला आणि म्हणाला, मैदान माझ्याकडे द्या, रोलर तुमच्यात कुणाला धड ओढता येत नाही. दिलं त्यांनी. न देऊन सांगतात कुणाला? आपलं कधी चुकत असेल अशी शंका त्याला शिवली नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याचं फारसं चुकतही नसे. लोकांना चीड यायची ती त्याचीच.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी आमच्याकडे नावाची मॅच असते. एका बाजूला अकरा हॅव्हरक्लफ आणि दुसऱ्या बाजूला उरलेलं जग. उरलेल्या जगात बहुतेक ग्रीनवुडच असतात, पण तो त्यांचा प्रश्न. अकराच्या अकरा जणांचं आडनाव एकच म्हटल्यावर धावफलकावर लावायचं काय? म्हणून काळ्या पत्र्याच्या पाट्या आहेत, त्यांवर पांढऱ्या रंगात घराण्यांची नावं. ज्या घरचा माणूस बॅट घेऊन उतरेल, त्या घरची पाटी खिळ्याला लटकते. टॅबीची पाटी पुष्कळ वर्षं लटकली, अर्विन हलायचाच नाही क्रीजवरून. मग त्याचा गुडघा गेला आणि पाटी अवजारांच्या खोलीत गेली. त्याला मुलगा नव्हता. एकच मुलगी, लॉर्ना, आणि ती ग्रीनवुडच्या घरात पडली.

लॉर्नाची मुलगी ब्रायनी डावखुरी फिरकी टाकते. तिचा चेंडू पडल्यावर काय करील ते चेंडूलाही ठाऊक नसतं. दरवर्षी ती उरलेल्या जगाकडून खेळायची आणि हॅव्हरक्लफांना एकेक करून घरी धाडायची. तिला पाहिजे होती ती टॅबीची पाटी. ती अर्विनला म्हणायची, "आजोबा, गंजून जाईल ती. मला एकदा खेळू द्या तिच्यावर."

"गंजू दे. नियम म्हणजे नियम."

नियम त्याचाच होता. खेळणारा जन्माने हॅव्हरक्लफ हवा आणि नाव बापाकडून आलेलं हवं. झालं होतं असं, की डोंगरापलीकडून, म्हणजे लँकेशायरातून, नॉर्मन हॅव्हरक्लफ एका वर्षी आपल्या जावयाला घेऊन आला. जावई पोत्याने विकेट काढणारा. नॉर्मन म्हणाला, जावई म्हणजे घरचाच की. अर्विनने त्याच संध्याकाळी नियम केला आणि तो क्लबाच्या भिंतीवर ठोकला. त्याचा खिळा पुढे आपल्याच नातीला लागणार, हे तेव्हा त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. पुढे आलं, पण केलेला नियम मोडणारा तो माणूस नव्हे. दर वसंतात मात्र तो टॅबीच्या पाटीला गुपचूप तेल लावायचा.

नॉर्मन हा जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याचा, उभा जन्म खाटकाच्या दुकानात गेलेला गडी. त्याचं आणि अर्विनचं खरं भांडण दुसरंच. नॉर्मन म्हणायचा, हे नाव मूळ आमच्या बाजूचं, तुमच्याकडे आलं ते मेंढ्यांच्या मागे भटकत. यॉर्कशायरच्या माणसाला असं सांगणं म्हणजे त्याच्या चहात थुंकणं. चहाच्या वेळी, हॅमचं सँडविच हातात धरून, दोघे दरवर्षी त्याच जागी त्याच शब्दांत भांडायचे.

गेल्या वर्षी हे भांडण एकदाचं मिटवायचं ठरलं. दुर्मिळ आडनावांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर फिलिपा मॉस म्हणून एक बाई कुठल्याशा विद्यापीठातून आल्या. मॅच संपल्यावर त्यांनी सगळ्या हॅव्हरक्लफ पुरुषांना रांगेत उभं केलं आणि डीएनए तपासायला प्रत्येकाच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली. अर्विन रांगेत पहिला. ब्रायनीने विचारलं, आमच्या गालांत काही नाही का? बाई समजुतीने म्हणाल्या, मी शोधते तो डीएनएचा धागा फक्त बापाकडून मुलाकडे जातो. ब्रायनी म्हणाली, "असं होय. आजोबांचा नियमही तस्साच आहे." अर्विनने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

यंदाच्या मॅचला थोडे दिवस उरले असताना बाई थेट अर्विनच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. बायको मेव्हिसने चहा ओतला, ओटच्या गरम पोळ्या लोणी लावून पुढे ठेवल्या. आधी आनंदाची गोष्ट सांगते, असं बाई म्हणाल्या. नाव इकडचंच. जुन्या बोलीत हॅव्हर म्हणजे ओट आणि क्लफ म्हणजे घळ. ती ओटाची घळ म्हणजे खोऱ्याच्या डोक्यावरचं ते पडकं शेतघर, जिथे आता तीन भिंती आणि एक झाड उरलंय. तिथे राहणाऱ्या एकाच माणसापासून सगळे हॅव्हरक्लफ झाले. नॉर्मनचा पूर्वज कामाच्या शोधात डोंगर उतरून पलीकडे गेला, तोही त्याच माणसाचा वंशज. अर्विनने टेबलावर असा हात मारला की कप नाचले.

"मी काय म्हणत होतो? मेंढ्यांच्या मागे कोण गेलं ते आता त्याला समजेल."

बाईंनी कप खाली ठेवला. एक शाखा मात्र जुळत नाही, त्या म्हणाल्या.

"नॉर्मनची," अर्विन म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता.

"नॉर्मनची जुळते. जुळत नाही ती तुमची."

मग त्यांनी चर्चच्या जुन्या नोंदींवरून सगळं हळूहळू सांगितलं. टॅबी या घरात लग्न होऊन आलेली नव्हतीच. ती जन्मानेच हॅव्हरक्लफ, घळीतल्या त्या शेतघरातली. तिला मुलगा झाला तेव्हा तिचं लग्न झालेलं नव्हतं, आणि पुढेही कधी झालं नाही. चर्चमध्ये बाप्तिस्मा करताना मुलाला तिने स्वतःचं आडनाव दिलं, बापाचं नाव सांगितलंच नाही. बाई म्हणाल्या, तुमची इच्छा असेल तर ही शाखा मी वगळते, कुणाला कळायचं कारण नाही. अर्विनने त्यांना दारापर्यंत पोचवलं, आभार मानले आणि परत येऊन खुर्चीत बसला.

त्याला लाज वाटली. टॅबीची नाही. लाज वाटली ती भिंतीवर ठोकलेल्या त्या नियमाची. आपणच केलेल्या नियमाने आपण इतकी वर्षं मैदानाबाहेरचे होतो. ज्या नॉर्मनला त्याने शिकवलं होतं की हॅव्हरक्लफ कुणाला म्हणावं, तो अस्सल निघाला आणि शिकवणारा बाहेरचा. आणि खोऱ्यातलं शेंबडं पोरसुद्धा त्याला जन्मभर टॅबीचा म्हणत होतं. उत्तर सगळ्यांच्या तोंडात होतं, पण कुणी चावून पाहिलं नव्हतं. एवढं बावळट खोरं जगात दुसरं नसेल.

मेव्हिस भांडी विसळत होती. ती टॉडमॉर्डनची, म्हणजे फार तर दोन टेकड्या पलीकडची, पण इथे संसार करून म्हातारी झाली तरी खोऱ्याच्या लेखी ती बाहेरचीच.

"इतकी वर्षं मी एकटीच बाहेरची होते या घरात," ती म्हणाली. "ये, तुलाही जागा करते."

"थट्टा करू नकोस, बाई. वगळा म्हणून सांगू का त्यांना?"

"सांग की. कुणाला कळणार नाही. तुला, मला आणि ब्रायनीला नाही म्हणताना तुझ्या तोंडाला, एवढ्यांनाच कळेल."

अर्विनने टेबलावरचे रिकामे कप उचलून तिच्यापाशी नेऊन ठेवले. मग म्हणाला, "बाप कोण असेल गं तो?"

"मला काय ठाऊक? हेकटपणा मात्र त्याचा नाही. तो टॅबीचाच."

पुढचे दिवस अर्विनने रोलर ओढण्यात घालवले. खेळपट्टी इतकी सपाट झाली की तिच्यावर इस्त्री करावी. क्लबातले लोक म्हणाले, म्हाताऱ्याला जिंकायची घाई झालेली दिसते. त्याने कुणाला काही सांगितलं नाही.

शनिवारी ऊन पडलं. नाणेफेक व्हायच्या आधी अर्विन क्लबाच्या पायऱ्यांवर उभा राहिला. दोन्ही संघ, त्यांच्या बायका, पोरंबाळं, नॉर्मन आणि त्याचा तो जावई, सगळे समोर गवतावर. अर्विनला भाषण करायची सवय नव्हती, हुकूम सोडायची होती. तसंच तो बोलला. नाव इकडचंच आहे, घळीतल्या शेतघराचं, आणि नॉर्मन हरला. टाळ्या पडल्या. नॉर्मनने टोपी काढून वाकून दाखवलं. मग त्याच आवाजात, न अडखळता, अर्विनने टॅबीचं सगळं सांगितलं.

टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले. एबचा टॉम तेवढा चाचरत म्हणाला, "म्हणजे... तू हॅव्हरक्लफ नाहीस?"

सगळ्यांनी नॉर्मनकडे पाहिलं. आजचा दिवस त्याचा होता, आणि त्यालाही ते कळलं होतं. त्याने तोंडातला घास सावकाश गिळला.

"मी जन्मभर विचार करत होतो, हा माणूस इतका हेकट कुणावर गेलाय," तो म्हणाला. "आमच्यावर नाही म्हणजे. बरं झालं, घराण्याची अब्रू वाचली."

हशा पिकला. अर्विनही हसला, पण जागचा हलला नाही.

"मी टॅबीवर गेलोय. आणि टॅबी तुझ्याएवढीच हॅव्हरक्लफ होती, नॉर्मन. तिने पोराला आपलं नाव दिलं आणि खोऱ्याने ते कधी परत मागितलं नाही. आज मागायचं असेल तर मागा. मी ग्रीनवुडांच्या बाकावर जाऊन बसतो, काही तक्रार नाही."

कुणी मागितलं नाही. नॉर्मन बुटाच्या टोकाने गवत उकरत होता. "बस कर," तो हळूच म्हणाला, "तिकडे बसलास तर मी भांडू कुणाशी?"

"ठीक. मग टॅबीला जे चाललं ते माझ्या लॉर्नालाही चालेल. आजपासून आईकडून आलेलं नावही धरायचं." आणि त्याने भिंतीवरचा नियम खिळ्यासकट उपटून खिशात घातला.

"आणि जावई?" नॉर्मनने विचारलं.

"जावई नाही."

उरलेलं जग भांडायला उठलं. त्यांची हुकमी बोलर ऐन वेळी पळवली जात होती, आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता तो ब्रायनीचा स्वतःचा बाप. शेवटी बदली म्हणून नॉर्मनचा जावई त्यांना देऊन टाकला तेव्हा ते गप्प झाले.  ब्रायनी पायऱ्या चढून आजोबांपाशी आली, त्यांच्या छातीला डोकं टेकवलं आणि पॅड बांधायला गेली.

हॅव्हरक्लफांची पहिली बॅटिंग. जावयाने आपलं काम चोख केलं आणि सहा जण फार लवकर परतले. मग ब्रायनी बॅट घेऊन निघाली. अर्विन अवजारांच्या खोलीत शिरला, पाटी घेऊन आला आणि गुडघा दुखत असतानाही शिडीवर स्वतः चढला. काळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं लखलखत होती. ब्रायनीने मैदानाच्या मधून एकदा वळून पाहिलं.

तो खाली उतरला तेव्हा मेव्हिसने त्याचा हात उलटा करून पाहिला. बोटांना पांढरा रंग लागला होता, अजून ओला.

"सकाळीच रंगवलीस? लोकांना विचारायच्या आधी?"

"टॅबीने तरी कुठे कुणाला विचारलं होतं," अर्विन म्हणाला आणि विजारीला बोटं पुसली. तिकडे जावई धावत सुटला, ब्रायनीने खांदा पुढे काढून बॅट फिरवली, आणि पहिलाच चेंडू ग्रीनवुडांच्या बाकाखाली जाऊन थांबला.