ठरावाविरुद्धचा एक हात

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. आमच्यातला एक जण देऊळघाट गावाहून रोज सायकलवर कॉलेजात यायचा. भाजीच्या वाफ्यांना पाणी देऊन निघायचा, म्हणून पायजम्याला चिखल असायचा. विद्यार्थी मंडळावर तो धरून आम्ही सातच जण निवडून आलो होतो, मी अध्यक्ष. तरी बोलायचं असलं की तो उभा राहायचा, आणि आधी सदऱ्याचं वरचं बटण लावायचा. आम्ही हसायचो.

एकदा प्राचार्यांनी ठराव पाठवला. पुढच्या वर्षापासून निवडणूक नको, मंडळ प्राध्यापकच नेमतील. आम्ही सहा जणांनी होकार दिला. त्यानं एकट्यानं विरोधात हात वर केला. मी वहीत लिहिलं, ‘एकमताने मंजूर’.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, “माहा हात दिसला नाई का तुले?”

“एका हातानं काय फरक पडते बे?” मी म्हणालो.

“नाई पडत. पन तेवढं लिहून ठेवाले पाह्यजे होतं.”

पुढच्या वर्षी प्राध्यापकांनी मंडळ नेमलं. यादीत पहिलं नाव माझं होतं आणि मी ते नाकारलं नाही. अभिनंदन करायला तोच सगळ्यांच्या आधी आला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता, तर मला बरं वाटलं असतं.