मुक्या डब्या

पातागोनियातल्या आमच्या गावात हिवाळाभर गॅसचे हीटर पेटलेले असतात. एर्मेलिंदाबाई आमच्या इमारतीची झाडलोट करायच्या. 'हीटर ठीक आहे' या कुणाच्या तरी शब्दावर त्यांची बहीण अशाच हीटरपाशी झोपली ती उठलीच नाही. तेव्हापासून बाई कुणाच्या शब्दावर विसंबत नसत.

नगरपालिकेनं नियम काढला की प्रत्येक मजल्यावर हीटरमधून पसरणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूची सूचना देणारं यंत्र हवं. व्यवस्थापक बाल्दास्सारेंनी एकाच दुपारी चार पांढऱ्या डब्या भिंतींवर ठोकल्या. पुसताना बाईंनी एकीचं बटण दाबलं. आवाज नाही.

"साहेब, ही मुकी कशी?"

"वायू असला की वाजेल. तुम्ही जिना पुसा."

"बटण दाबलं की वाजायला हवं, असं नियमाच्या कागदात लिहिलंय."

"आता तुम्ही मला कायदा शिकवणार?"

बाईंनी त्याच दिवशी चारही डब्यांचे स्क्रू काढले. आत काहीच नव्हतं, नुसतं प्लॅस्टिक. नगरपालिकेचा तपासनीस आला तेव्हा त्यांनी चारही टरफलं त्याच्या हातात ठेवली.

आठवड्याभरात खरी यंत्रं लागली. तिसऱ्याच सकाळी माझ्या दाराबाहेरचं यंत्र किंचाळू लागलं. महिनाभर माझं डोकं ठणकत होतं आणि मी ते वयावर ढकलत होतो. बाईंनी दार बडवून मला दंडाला धरून रस्त्यावर आणलं. माझ्या हीटरचं धुराडं चोंदलं होतं.

मी कुडकुडत आभार मानले.

"ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "हीटर शेवटचा तपासला कुणी?"

"बाल्दास्सारेंनी पाठवलेल्या माणसानं."

"वाटलंच मला," म्हणत त्या तपासनिसाला फोन करायला वळल्या.