भाभींच्या पाळणाघराची तपासणी

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी चंद्रपूरला एका दैनिकात बातमीदार होते. नवऱ्याची नोकरी लांब एटापल्लीच्या शाळेत, तो तिकडेच राहायचा. आमची चौदा महिन्यांची मुलगी दिवसभर गल्लीतल्या भाभींकडे असायची. त्यांचे पती स्टोव्ह दुरुस्त करायचे. त्या घरीच सहा मुलं सांभाळायच्या. अंगणात विहीर होती, कठडा गुडघ्याएवढा. स्वयंपाकघरात जाताना भाभी प्रत्येक मुलाच्या कमरेला जुन्या साडीची पट्टी सैल बांधून दुसरं टोक बाजेच्या पायाला अडकवायच्या. बाहेर आल्या की सोडायच्या. सगळ्या आयांना हे माहीत होतं. मलाही.

त्या उन्हाळ्यात दुसऱ्या वस्तीत अशाच एका घरी एक मूल पाण्याच्या टाक्यात पडलं. वाचलं. बातमी माझ्याकडे आली. अशा घरांवर देखरेख कोणाची, हे विचारत मी तीन कचेऱ्या फिरले. नगरपालिकेतला बाबू हसला.

"दुकानाले लायसन लागते, चक्कीले लागते. लेकरं सांभाळाले कायचं लायसन, बाई? मंग घरोघरच्या आजीलेही द्या लागंन."

बालकल्याणवाल्यांकडे फक्त अंगणवाड्या होत्या. कामगार कचेरीत सांगितलं, बऱ्याच बायका कामावर असतील तर कारखान्याला पाळणाघर काढावं लागतं. घर म्हणजे कारखाना नव्हे. मी तसंच छापलं: कायदा नाही, जबाबदारी कोणाचीच नाही. दोन दिवसांनी नगरपालिकेनं जाहीर केलं की घरगुती पाळणाघरांची तपासणी होईल आणि दोष आढळला तर ती बंद केली जातील. कोणत्या नियमाखाली, ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुलीला पाहायला गेले. पट्ट्या धुऊन दोरीवर वाळत होत्या. मुलं मोकळी होती.

"भाभी, आज बांधलं काऊन नाई?"

"साहेबानं पाह्यलं तं काय म्हनन? लेकराइले बकरीवानी बांधते म्हनन. पेपरात तुमीच लिवलं न बाई, आता मलेच इचारून राह्यल्या?"

मी मुलं मोजली. पाच.

साहेबांना उघडी विहीर दिसू नये म्हणून भाभींनी तिच्यावर टिनाचा पत्रा टाकला होता. कठड्याला लागून धुण्याचा दगड होता. त्यावरून चढून माझी मुलगी पत्र्याच्या मधोमध बसली होती आणि दोन्ही हातांनी तो वाजवत होती. पत्रा तिच्याखाली वाकला होता.

मी हाक मारली नाही. हाक ऐकून ती उभी राहिली असती. भाभींनी पलीकडून जाऊन पत्र्याची कड दाबून धरली. पत्रा तरीही हलत होता. मी कठड्यावर पोट टेकून हात लांब केला. आधी फ्रॉक हाताला लागला, मग दंड. ओढलं, तेवढ्यात पत्रा सुटला. खाली पाण्याचा आवाज यायला वेळ लागला. वाजवायचं गेलं म्हणून मुलगी रडायला लागली.

दोन दिवस मी तिला कचेरीत नेलं. तिसऱ्या दिवशी संपादकांनी विचारलं, असं किती दिवस चालणार?

चौथ्या दिवशी सकाळी तिला पुन्हा भाभींच्या कडेवर दिलं. दुसरं घर नव्हतं. विहिरीवर आता जाड फळ्या होत्या. पाणी काढावं लागे, म्हणून ठोकलेल्या नव्हत्या. बांधा असं मी म्हणाले नाही, बांधू नका असंही नाही. तपासणी अजून झालेली नव्हती. त्यानंतर कितीतरी महिने दुपारी कचेरीतला फोन वाजला की तो भाभींच्या गल्लीतून असेल असं वाटून मी शेजारच्या टेबलावरच्याला उचलायला सांगत असे.