जेवायचा कान

लग्नघरातला फराळ संपतो, पाहुणे जातात, किस्से मात्र उरतात. आमच्या रेणूच्या लग्नाला दीड वर्ष झालं, तरी जळगावच्या घरी चहाला चार जण जमले की कोणीतरी उगाच स्वतःचा कान धरतं. मग मलाच सगळं सांगत बसावं लागतं, कारण भानगडीचं मूळ माझी पोरगी!

*

रेणू म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची मुलगी. लग्नात नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा असतो, 'माझ्या बहिणीला नीट सांभाळ' म्हणून. आता आमच्या घरात भाऊ आणायचा कुठून? सगळ्या पोरीच! तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, यावलचा कुठलासा लांबचा भाऊ परस्पर ठरवून टाकला.

रेणू म्हणाली, "त्याला मी आयुष्यात दोनदा भेटलेय. कान पिळेल तर आपली पिहूच!"

पिहू माझी. तेव्हा पाच वर्षांची.

"कान ते भाऊच पिळस ना माय!" आबा म्हणाले. रेणूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग आबा नरमले, पण अट घातलीच. पोरगी ऐनवेळी रडली किंवा बावरली, तर यावलवाला पुढे होणार!

रेणू मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "काकू, माझी सगळी भिस्त तुझ्यावर." झालं! तिथून माझी झोप उडाली.

*

सराव सुरू झाला. दोन दिवसांत पिहूच्या बाबांचे कान लालबुंद. ऑफिसात सगळे विचारायला लागले, "साहेब, घरी सगळं ठीक ना?"

तिसऱ्या दिवशी तिला घागऱ्याचं माप द्यायला नेलं. टेलरकाका उंची मोजायला खाली वाकले, आणि हिनं त्यांचा कान असा काही पिळला की टेप हातातून सुटली! मी शरमेनं अर्धी झाले. काका शांतपणे कान चोळत म्हणाले, "बाही आखूडच ठेवतो ताई. हात आधीच फार लांब पोचतो हिचा!"

*

आबांनी शिकवलं, कान उजवा पिळायचा. हिला उजवं-डावं काही कळेना. मी म्हटलं, "अगं, जेवायचा हात तो उजवा."

ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "मग जेवायचा कान कोणता?"

आबांनी स्वतःचा उजवा कान दाखवला. ती समोर उभी. म्हणाली, "हा तुमचा जेवायचा झाला. पण पिळणार मी आहे ना? मग माझ्या बाजूचा धरायचा की तुमच्या?" आबा आधी तिच्यासमोर उभे राहिले, मग पाठ करून उभे राहिले, मग कपाळाला हात लावून खाली बसले.

"कोनता बी पिळ माय!"

*

एक दिवस आबांनी रंगीत तालमीसाठी फेटा बांधला. फेटा कानांवरून खाली आला, आणि पिहूनं भोकाड पसरलं, "आबांना कानच नाहीत!"

बाई गं, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं! आबांनी तातडीनं धुळ्याला, नवरदेवाच्या घरी फोन लावला. उचलला नवरदेवाच्या आत्यानं. आबा म्हणाले, "लगीनमा पोऱ्याना कान आम्ले नीट दिसाले पायजे!" आणि फोन ठेवला.

आत्यानं तो निरोप काकाला दिला, काकानं नवरदेवाच्या वडिलांना दिला. त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचा झाला, 'मुलीकडच्यांना मुलाच्या कानाचा संशय आहे.' माणूस स्वाभिमानी! दुसऱ्या दिवशी आबांच्या व्हॉट्सॲपवर कानाच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट आलं. दोन्ही कान उत्तम, श्रवणशक्ती चांगली, सही, शिक्का!

आबांनी ते तीनदा वाचलं. मग हळूच दार लोटून घेतलं आणि आम्हाला म्हणाले, "न इचारता सर्टिफिकेट धाडं, म्हंजे कानमा काहीतरी गडबड शे!"

लग्न मोडायचंच बाकी होतं. शेवटी रेणूनंच अमोलला, म्हणजे नवरदेवाला, फोन करून सगळा घोळ निस्तरला.

*

अमोल मोठा गुणी मुलगा. म्हणाला, "पिहूची भीड चेपायला व्हिडिओ कॉल करू." आणि त्यानं कान कॅमेऱ्याला लावला. स्क्रीनभर नुसता कान! पिहूनं दोन्ही हातांनी माझा मोबाईल धरला आणि पिळला. कव्हर निघून हातात आलं. तिकडून अमोल आपला ओरडतोच आहे, "आई गं! मेलो!" पोरीनं घाबरून मोबाईल पाण्याच्या बादलीत टाकला. आता बोला!

*

लग्नाचा दिवस. गुरुजी माईकवर म्हणाले, "कान पिळणारे पुढे या."

पिहूला खुर्चीवर उभं केलं. मांडवातली सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. तिनं गर्दी पाहिली, आणि तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. यावलवाला बाह्या सारत उठला. आबांनी माझ्याकडे पाहिलं. रेणू कोणाकडेच बघत नव्हती, फक्त पिहूकडे.

"पिळ ना गं बाळा," मी पुटपुटले.

आणि तिनं दोन्ही हातांनी कान धरला, सगळं अंग टाकून पिळला! अमोल खराखुरा कळवळला. यावलवाला मुकाट्यानं खाली बसला. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. गुरुजी म्हणाले, "झालं हो बाळ, सोड आता."

ती सोडेना. कान तसाच धरून, डोळे वटारून, गुरुजींच्या माईकसमोर तिनं नवरदेवाला विचारलं,

"परत करशील लग्न?"

"नाही! नाही करणार!" अमोल हात जोडून म्हणाला.

सगळा मांडव हसून लोळायला लागला. रेणूनं मुंडावळ्या बाजूला सारल्या, डोळे पुसले आणि पिहूकडे वाकून म्हणाली,

"मागे बसलेल्यांना ऐकू नाही गेलं गं. अजून एकदा पिळ!"